मदत हवी आहे: सेन्सरवर कचरा, घरी साफ करू का? (तातडीचं)

गडभटक्या: कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कचरा बसलाय. प्रत्येक फोटोत आभाळात तेच काळपट ठिपके, त्याच जागी. रविवारी मावसभावाच्या साखरपुड्याचे फोटो काढायचेत आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात ठेवून जा, आठवडा लागेल. घरी कशाने साफ करायचं तेवढं सांगा. ‘नका करू’ सांगायला कृपया कोणी येऊ नका.

फोकस_गेला: कॅमेरा कुठला ते तर सांगा राव. आणि व्ह्यूफाइंडरमधून बघताना पण दिसतात का? तिथला कचरा फोकसिंग स्क्रीनवर किंवा आरशावर असतो, फोटोत येत नाही. उगाच तिथे पुसायला जाऊ नका.

गडभटक्या: फोटोत दिसतात असं लिहिलंय की वर. निकॉन डी७२००.

सदाशिवपेठी: डी७२०० ला लो-पास फिल्टरच (सेन्सरपुढचा, फोटो किंचित मऊ करणारा थर) नाही. म्हणजे तुम्ही थेट सेन्सरला हात लावणार. करा काय करायचं ते.

फोकस_गेला: काका, लो-पास नसला तरी सेन्सरपुढे काच असतेच, पुसतो ती काच. घाबरवू नका लोकांना.

सदाशिवपेठी: काचेवर कोटिंग असतं, ते ओरखडलं की खर्च तुम्ही देणार का? आमच्या रोलच्या जमान्यात दर फोटोला कोरी फिल्म पुढे यायची, ही भानगडच नव्हती.

बाणेरकरीण: सोप्पं आहे, सॅनिटायझर आणि इअरबड. मी मोबाईल तसाच पुसते, चकाचक.

काचेमागचा: ताई नको!! सॅनिटायझरमधे बऱ्याचदा ग्लिसरीन असतं, त्याचा थर राहतो आणि कापसाचे तंतू आत पडतात ते वेगळेच. आणि तो हवेचा प्रेशर कॅन पण नको, त्यातला गॅस द्रवरूपात काचेवर उडतो. तोंडाने फुंकर तर अजिबात नाही, थुंकी उडते. आधी बॅटरी फुल चार्ज, मेनूतून आरसा वर लॉक करायचा, पंखा बंद, कॅमेऱ्याचं तोंड खाली, आणि रबरी ब्लोअरने खालून हवा मारायची, नळी आत न घुसवता. ब्लोअर नवा असेल तर आधी बाहेरच चार-पाच वेळा दाबून घ्या, कधीकधी आत पावडर असते, एकाचं साफ करायला गेलेलं मी दुप्पट झालेलं बघितलंय.

पाषाणचा_पाऊस: फंगस तर नाही ना? पावसाळ्यात सिलिका जेल ठेवाच, डब्यात आर्द्रता ४०-५० टक्के हवी.

गडभटक्या: फंगस कोणी विचारलंय? ठिपके दिवे घाटात पालखीच्या वेळी लेन्स बदलल्यापासून आहेत.

फोकस_गेला: हे आत्ता सांगताय! वारीतल्या धुळीत लेन्स बदललीत?

गडभटक्या: मग काय, माऊली थांबणारेत का माझ्यासाठी?

पाषाणचा_पाऊस: घाटातले फोटो टाका की ठिपक्यांसकट.

आरसा_नको: मिररलेस घ्या, आरशाची कटकटच नाही.

काचेमागचा: त्यात लेन्स काढली की सेन्सर समोरच उघडा दिसतो, बऱ्याच मॉडेलमधे शटरही बंद होत नाही. फार शहाणपण नाही त्यात.

गडभटक्या: ब्लोअर मारला. एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) बारीक करून, भिंतीचा फोटो काढला, दोन गेले, वरच्या डाव्या कोपऱ्यातला एक तसाच. कडा धूसर आहे, मधे गडद.

काचेमागचा: तेलकट असेल, शटरच्या भागातून येतं कधीकधी. आता ओला स्वॅब, म्हणजे सेन्सर पुसायची कापडी टोकाची चपटी काडी. डी७२०० चा सेन्सर २३.५ गुणिले १५.६ मिमी, म्हणून १६ मिमीचा स्वॅब. सेन्सर साफ करायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंबच, एका बाजूने एकदा ओढायचा, उलटून परत, आणि फेकून द्यायचा. तोच परत वापरू नका. फोटोतला वरचा डावा डाग समोरून बघताना सेन्सरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो, लक्षात ठेवा.

हॉलमधला_उजेड: एक विचारू का? साखरपुडा हॉलमधे ना? तिथे एफ/२.८, एफ/४ लाच काढणार. एवढ्या मोठ्या अ‍ॅपर्चरला हे डाग जवळपास दिसतच नाहीत, एफ/११ च्या पुढे उठून दिसतात. रविवार होऊ द्या, मग करा.

गडभटक्या: अहो पण मला करायचंच आहे. स्वॅब पुण्यात आज कुठे मिळेल?

बाणेरकरीण: बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, माझा भाचा बोर्ड पुसायला तिथूनच आणतो.

काचेमागचा: ताई, स्वॅब विचारलाय.

सदाशिवपेठी: आणि गाडी घेऊन जाऊ नका म्हणावं. बुधवार पेठेत पार्किंगला जागा नसते, परवाच माझी उचलली.