अनुभव धागा : ऑफिसातलं कसब संस्थेच्या कामी आलं का?

दरवर्षी ५ डिसेंबरला, आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिनाला, आमच्या कंपनीत मेल येतो आणि आम्ही तीसेक जण एकसारखे टीशर्ट घालून कुठल्यातरी संस्थेची भिंत रंगवून येतो. मागच्या वेळी तिथल्या बाईंनी सहज विचारलं, तुमच्यात हिशोबातलं कळणारं कोणी नाही का हो? दोघं होते. दोघांच्याही हातात ब्रश.

तेव्हापासून डोक्यात आहे. आपलं व्यवसायातलं कसब संस्थेला फुकट द्यायचं, याला प्रो बोनो म्हणतात, शब्द लॅटिन, लोकहितासाठी असा अर्थ. वकिलांमध्ये हे जुनंच आहे, अमेरिकन बार असोसिएशनच्या नमुना नियमात वर्षाला किमान ५० तास असं लिहिलंय, सक्ती नाही पण अपेक्षा आहे. मार्केटिंग, डिझाइन, एचआरवाल्यांना संस्थांशी जोडून द्यायला २००१ मध्ये टॅपरूट फाउंडेशन सुरू झालं. तर तुमच्यापैकी कोणी असं काही केलं असेल तर लिहा ना. फसलेलंही चालेल, खरं तर तेच आधी लिहा.

---

फसलेलं म्हणताय तर मीच सुरुवात करतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका संस्थेला देणगीदारांची नोंद ठेवायला सिस्टीम करून दिली, चार महिने शनिवार-रविवार घालून, लॉगिन, डॅशबोर्ड, रंगीत चार्ट, सगळं. सहा महिन्यांनी सहज फोन केला तर म्हणाले आम्ही परत एक्सेलवरच आलो, कारण जिला शिकवलं होतं ती मुलगी नोकरी सोडून गेली आणि पासवर्ड तिच्याकडेच होता. आधी राग आला. मग जाऊन त्यांची ती एक्सेल उघडली, तर एकच माणूस चार स्पेलिंगनी चार वेळा, तारखा कुठे दिवस आधी कुठे महिना आधी. दोन दुपार बसून डुप्लिकेट काढले, ड्रॉपडाउन लावले, तारखेचा फॉर्मॅट लॉक केला. ती शीट अजून चालू आहे. चार महिन्यांचं गेलं आणि दोन दुपारचं टिकलं.

आणखी एक. त्यांच्या वेबसाइटचं डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. आमच्या केसमध्ये ते एका जुन्या व्हॉलंटिअरच्या पर्सनल मेलवर होतं आणि तो मेल तो उघडतच नव्हता.

---

अकाउंट्समधली आहे. कंपनीचे हिशोब येतात म्हणजे संस्थेचेही येतील असं वाटलं होतं, पहिल्याच दिवशी जमिनीवर आले. कंपनीत पैसा आला की तो आपला. इथे खात्यात भरपूर पैसे दिसतात पण त्यातले बहुतेक कुठल्यातरी ठरावीक कामासाठी आलेले, त्यातून ऑफिसचं वीजबिल भरता येत नाही. त्यामुळे बँकेत पैसे आहेत आणि पगाराला नाहीत अशी गंमत होते (गंमत त्यांच्यासाठी नाही अर्थात). एकच माणूस तीन प्रकल्पांवर काम करतो, तर त्याचा पगार तिन्हीत कसा वाटायचा, त्याला टाइमशीट लागते, ती कोणी भरत नाही, मग ऑडिटच्या आदल्या आठवड्यात सगळे आठवून आठवून भरतात.

मी फक्त एक शीट केली. आडवे महिने, उभे निधी, कुठला पैसा कधी यायचा आहे आणि कुठे वापरता येईल. ती बघून संचालक म्हणाले, म्हणजे चौथ्या महिन्यात आपण अडकणार. हो म्हटलं. पण ते तीन महिने आधी कळलं, म्हणून देणगीदाराला हप्ता लवकर द्या म्हणून सांगता आलं.

---

डिझायनर. लोगो करून दिला, सुंदर झाला होता, फाइल त्यांच्याकडे उघडतच नव्हती. शेवटी वर्डमध्ये लेटरहेड करून दिलं, खूश. बास एवढंच.

---

मी टेबलाच्या पलीकडची आहे, संस्थेत काम करते, त्यामुळे जरा वेगळं लिहीन, कोणी मनाला लावून घेऊ नका.

तुमचं काम फुकट असतं, आम्हाला ते फुकट पडत नाही. तुम्ही येणार म्हटलं की आमचं एक माणूस तुम्हाला कामाची ओळख करून द्यायला, एक माणूस डेटा शोधून द्यायला, आणि तुमच्या सीएसआर टीमला (कंपनीचं समाजकार्य बघणाऱ्यांना) फोटो आणि आकडे पाठवायला आणखी एक. आमची टीमच आठ जणांची. मग दोन मीटिंगनंतर तुमच्याकडे क्वार्टर एंड येतो आणि मेलला उत्तरं यायची बंद होतात. समजतं आम्हाला, नोकरी आधी. पण आधीच सांगा ना की महिन्याला सहाच तास देता येतील. सहा तासांचं काम आमच्याकडे ढिगाने आहे.

एकदा एक मोठा कन्सल्टंट आला होता, तिसऱ्या स्लाइडवरच म्हणाला तुमचे लाभार्थी विखुरलेले आहेत, दूरची गावं सोडा, जवळच्यांवर फोकस करा. दूरच्या गावात कोणी जात नाही म्हणूनच आमची संस्था निघाली आहे हो. उंटावरून शेळ्या हाकणं वेगळं काय असतं.

आणि चांगलाही सांगते, नाहीतर वाटेल नुसती कुरकुर. एक एचआरवाले आले, पहिले दोन दिवस काहीच बोलले नाहीत, नुसते बसून बघत होते, आम्हाला वाटलं हे काय करणार. तिसऱ्या दिवशी म्हणाले तुमच्याकडे कोणालाच नेमणूकपत्र नाहीये. खरंच नव्हतं! मोठी पॉलिसी वगैरे काही केली नाही, एक पानाचं नेमणूकपत्र आणि एक पान रजेचे नियम. सुट्टीवरून होणारी आमची निम्मी भांडणं थांबली.

---

वर बार असोसिएशनचं आलंय म्हणून वकील या नात्याने दोनच गोष्टी. कंपनीच्या लॅपटॉपवर कंपनीच्या वेळेत लिहिलेला कोड किंवा मजकूर कोणाच्या मालकीचा, हे तुमच्या नेमणुकीच्या करारात बघा आणि आधी लेखी परवानगी घ्या, नाहीतर संस्थेला दिलेली वस्तू तुमची नव्हतीच असं नंतर निघू शकतं. आणि लाभार्थ्यांची नावं, आजार, पत्ते असलेली फाइल आपल्या पर्सनल ड्राइव्हवर ठेवू नका. हेतू चांगला होता हे तिथे उपयोगाला येत नाही.

---

दुसऱ्या मुद्द्याला शंभर वेळा अनुमोदन. मी डेटावाला, मला पहिल्याच मेलमध्ये पेशंटची नावंगावं असलेली पूर्ण यादी आली होती, डिलीट करून नावांच्या जागी नंबर टाकून परत मागवली. त्यांना जरा विचित्र वाटलं. मग आलेल्या डेटात निम्मे रकाने रिकामे आणि बाकी ठिकाणी शून्य. रिकामं म्हणजे भेट झाली नाही की भेट झाली पण त्रास नव्हता? कोणालाच सांगता येईना. फॉर्म भरणाऱ्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या वेळ नसला की रिकामं सोडते, साहेब असले की शून्य भरते. माझं सगळं मॉडेल तिथेच संपलं. शेवटी फॉर्ममध्ये "भेट झाली नाही" असा एक चौकोन वाढवला, तेवढंच माझं योगदान. डेटाकाइंड नावाची संस्था २०११ पासून डेटावाल्यांना अशा कामांशी जोडून देते, पण तिकडे जायच्या आधी फॉर्म भरणाऱ्याशी बोला.

---

मी खरं सांगू का, अप्रेझलमध्ये लिहायला बरं म्हणून गेलो होतो. लिहिलंही. अजून जातोय, आता कुठे लिहीत नाही.

---

टेबलाच्या पलीकडची परत. त्या अकाउंट्सवाल्या ताई, आडवे महिने उभे निधी वाली तुमची शीट रिकामी करून पाठवता येईल का? आमचाही चौथा महिना जवळ आलाय.