मुलांच्या मुलाखतीत फोटो वापरावेत का? वडोदऱ्याच्या पुराचं काम चाललंय

सयाजीगंजकर: भाची एम.ए.साठी नदीकाठच्या वस्तीतल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरांशी बोलणार आहे, विषय ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर. गाईड म्हणतात पेपरातले फोटो ने, दाखव, मुलं पटापट बोलतील. बोलतील हो, पण काय? रस्त्यावर आलेल्या मगरीचा फोटो पुढे ठेवला की अख्खी वस्ती मगरच सांगणार, ज्याच्या दारात बेडूकसुद्धा आला नव्हता तोही. माझं मत, आपले फोटो दाखवूच नका, मोबाईल पोरांच्या हातात द्या आणि काढू दे त्यांना काय काढायचं ते.

नलूमावशी: एवढं पण नाही हं काका. मी शाळेत शिकवलंय, अनोळखी ताई समोर बसली की मूल 'हो', 'नाही', 'माहीत नाही' याच्या पुढे सरकत नाही. मधे फोटो असला की दोघंही फोटोकडे बघतात, नजरेचं दडपण जातं. जॉन कॉलियर या मानववंशशास्त्रज्ञानी १९५७ मधेच लिहिलंय हे, कॅनडातल्या एका पाहणीत काहींना फोटो दाखवून विचारलं, काहींना नुसतं, आणि फोटोवाल्यांची उत्तरं जास्त नेमकी आली.

सयाजीगंजकर: मावशी, ती मोठी माणसं होती. मोठा माणूस म्हणू शकतो 'आमच्याकडे असं नव्हतं', पोराला वाटतं ताईनी दाखवलंय म्हणजे तेच सांगायचं असणार. क्लार्क आणि मॉस या संशोधकांनी लंडनमधे पाच वर्षांच्या आतल्या मुलांना कॅमेरे दिले होते, त्याला मोझॅक अप्रोच म्हणतात, २००१ ची गोष्ट. मुलांनीच फोटो काढायचे, जागा फिरवून दाखवायची, नकाशा करायचा. इथेही पोरगं भिंतीवरची पाण्याची रेघ काढेल, दप्तर ठेवलेला माळा काढेल, आपल्याला ते विचारायचं सुचलंच नसतं.

अमित_मकरपुरा: मला तर फोटोचाच भरवसा नाही. किंबर्ली वेड या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मधे लोकांना त्यांचाच लहानपणीचा फोटो दाखवला, गरम हवेच्या फुग्यात बसलेला, फोटो बनावट, आणि जवळपास निम्म्या लोकांना ती सफर थोडीफार 'आठवली' पण! मोठ्यांचं हे, तर आठ वर्षांच्या पोराचं काय सांगता.

नलूमावशी: अरे तो जोडून केलेला खोटा फोटो होता, वर घरच्यांनी दिलाय असं सांगितलेलं. इथे पूर खरा आहे ना? कुठलाही फोटो म्हणजे फसवणूक असं कसं.

सेवउसळ_तिखट: इतका खर्च कशाला, कागद आणि खडू द्या की. १९९८ चा न्यूझीलंडचा अभ्यास आहे, तीन ते सहा वर्षांची मुलं, चित्र काढत काढत सांगणाऱ्यांनी नुसतं सांगणाऱ्यांपेक्षा दुपटीहून जास्त सांगितलं.

नलूमावशी: तीन ते सहा, बरोबर. नऊ वर्षांच्याला कागद द्या, तो म्हणेल मला येत नाही, नाहीतर दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी. पुरातसुद्धा सूर्य काढेल.

रेवती_बालवाडी: सगळे पद्धतीवर भांडताय, घराचं काय? एका खोलीत सहा माणसं, मोबाईल दिला की आंघोळीला निघालेली आजी येणार, बाबांची बाटली येणार, शेजारच्यांनी कुठे हो म्हटलंय? आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या संशोधनासाठीच्या २०१७ च्या नियमात ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी संमती घ्यायची आणि आईबापांची वेगळी, पण फोटोत आलेल्या बाकीच्यांना कोणीच विचारत नाही. काका, तुमची पद्धत मुलाला मोकळं करते आणि घराला उघडं पाडते.

सयाजीगंजकर: मग माणसं सोडून फक्त जागा आणि वस्तू काढायच्या असं सांगू. आणि त्याच दिवशी मुलाबरोबर बसून नको ते त्याच्याच हातानी डिलीट.

रेवती_बालवाडी: नको ते कोण ठरवणार, मूल की भाची? बाटलीचा फोटो मुलाला ठेवायचाच असेल तर?

सयाजीगंजकर: तर तो रिपोर्टात छापायचा नाही, पण त्यावर मुलाला बोलायचं असेल तर बोलू द्यायचं. गप्प बसवायला गेलो तर पेपरातली मगर काय वाईट होती.

रेवती_बालवाडी: बोलू द्या, पण घरी मार पडला तर भाची तिथे असणार आहे का? आधी गाईडला हे विचारायला सांगा.