हुशार मुलंच खेळतात, बाकीची बघत बसतात?

ताई, गणिताच्या तासाला खेळ घेतला की चार-पाच हुशार मुलंच ओरडतात आणि बाकीची नुसती बघत बसतात, हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण दोष खेळाचा कमी, अख्ख्या वर्गाला एकच प्रश्न टाकण्याचा जास्त. मुलांच्या दोघा-दोघांच्या जोड्या करून बघा.

पाचवी-सहावीला मी 21 चा खेळ देते. दोघांनी 1 पासून आळीपाळीनं मोजायचं, एका खेपेला एक, दोन किंवा तीन आकडे म्हणायचे. ज्याच्या तोंडी 21 येईल तो हरला. काही डाव झाले की कुणीतरी 20 वर थांबायला शिकतं. मग 16, मग 12... चारच्या पाढ्यात मागे मागे येत पोरांना कळतं की सुरुवात न करणारा, म्हणजे दुसरा बोलणारा, हुकमी जिंकतो. मग "तू आधी, तू आधी" अशी भांडणं! तिथेच विचारायचं: चार आकड्यांपर्यंत मुभा दिली तर? आता पाचचा पाढा शोधायची पाळी.

फळ्यावर गुण मात्र लिहू नका, मागच्या बाकावरची पोरं लगेच डाव सोडतात. आणि दंगा होणारच. शेजारच्या वर्गावरच्या बाईंना तेवढं आधी सांगून ठेवा.