प्रतिसाद: राहायचं की पुढे जायचं

निर्वासित आहेत तिथेच का राहतात किंवा पुढे का जातात, यावरच्या पीएचडी संशोधनाबद्दलच्या लेखाखाली एकांनी लिहिलंय, निर्वासित पैसा दिसेल तिकडे सरकतात, त्यावर पीएचडी कशाला? मला हे अजिबात पटत नाही. युगांडात निर्वासितांना जमिनीचा तुकडा आणि काम करायची मुभा मिळते, तरी काही जण निघतातच. केनियात छावणीबाहेर पडणंही अवघड, तरी तिथल्या १९९१ पासूनच्या दादाब या निर्वासित छावणीत नातवंडं जन्मली.

आमच्या देवळाली कॅम्पात फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. शेजारचे आजोबा सांगायचे, थोरला भाऊ उल्हासनगरला गेला, ते थांबले. आईला इथली हवा मानवली होती म्हणून. पत्र्याच्या ट्रंकेची दोरी मात्र कित्येक वर्षं सोडलीच नव्हती. अशा माणसाला ‘राहिला’ म्हणायचं की नाही? त्या ट्रंकेबद्दल संशोधकाने जरूर विचारावं.