हॅन्सेलचं इंजेक्शन

कुणीतरी म्हटलंय, 'हॅन्सेल अँड ग्रेटेल: विच हंटर्स' या चित्रपटानं हॅन्सेल-ग्रेटेल या भावंडांच्या परीकथेची पार वाट लावली. नाही पटलं. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातली गोष्ट तरी कुठं बाळबोध होती? आईबाप लेकरांना जंगलात सोडतात, पोरगी चेटकिणीला भट्टीत ढकलते! चित्रपटातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच. लहानपणी चेटकिणीनं कोंबलेल्या गोडामुळं मोठ्या हॅन्सेलला (जेरेमी रेनर) ठरल्या वेळी इंजेक्शन टोचून घ्यावं लागतं. चेटकिणी मारायच्या आणि साखरही सांभाळायची. कथा मात्र यथातथाच, दिग्दर्शक टॉमी विर्कोलाला रक्तपाताचाच सोस. आम्हा सोलापूरकरांच्या घोळक्यात "काय हाणतीय बे!" अशी दाद जेमा आर्टरटनच्या ग्रेटेललाच जास्त मिळाली. नाव बघून लेकरांना शेजारी बसवू नका, एवढंच.