लिब्रेऑफिसच्या शोधात ॲ/अॅ आणि ऱ्य/र्‍य एकच धरले जावेत : मागणी कशी नोंदवावी?

शब्दजुळणी

लिब्रेऑफिस रायटरमध्ये (मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमधला लिहिण्याचा भाग) स्मरणिका, संस्थांचे अहवाल, छोटी पुस्तकं असा मराठी मजकूर तपासायचा असतो. मजकूर दहा जणांकडून येतो आणि प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा. त्यामुळे एकाच फाइलमध्ये 'ॲप', 'अॅप' आणि 'ऍप' असे तिन्ही प्रकार निघतात. पहिले दोन डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसतात, पण एक शोधला की दुसरा सापडत नाही. 'दऱ्या' आणि 'दर्‍या' यांचंही तेच. 'सगळीकडे बदला' दाबलं की काम झाल्यासारखं वाटतं आणि उरलेले शब्द तसेच छपाईला जातात.

शोधताना हे प्रकार एकच धरले जावेत अशी मागणी करायची आहे. ती नेमकी कुठे करायची, कशी लिहायची म्हणजे कोणी गंभीरपणे बघेल, आणि महिनोन्महिने उत्तरच आलं नाही तर काय समजायचं? शिवाय तोपर्यंतचा काही तात्पुरता उपाय असेल तर तोही सांगा.

---

कानामात्रा

आधी तात्पुरता उपाय. 'शोधा आणि बदला' खिडकीत 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स' वर खूण करा आणि शोधायच्या चौकटीत असं लिहा :

(ॲ|अॅ|ऍ)प

तिन्ही प्रकार सापडतील. बदलीच्या चौकटीत 'ॲप' ठेवा. दुसऱ्या जोडीसाठी (दऱ्या|दर्‍या). यातला दुसरा पर्याय टाइप करण्यापेक्षा फाइलमधूनच कॉपी करून चिकटवा, कारण त्यातलं न दिसणारं जोडचिन्ह हाताने टाकताना हमखास सुटतं. फाइलमध्ये नेमकं काय आहे याची शंका असेल तर अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवून ऑल्ट+एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक येतो, पुन्हा दाबलं की अक्षर परत. 'ॲ' चा क्रमांक ०९७२. 'अॅ' ही मात्र ०९०५ आणि ०९४५ अशी दोन चिन्हं आहेत. 'ऍ' म्हणजे ०९०डी.

आता मागणी कुठे करायची ते. बहुतेक मागण्या इथेच वाया जातात. मराठीची तक्रार 'लिब्रेऑफिसमध्ये दिसते' म्हणून ती लिब्रेऑफिसचीच असते असं नाही. ढोबळमानाने :

अक्षर तुटकं दिसतंय, रफार चुकीच्या जागी बसतोय : आधी फॉन्ट बदलून बघा. एकाच फॉन्टमध्ये बिघडत असेल तर मागणी फॉन्ट करणाऱ्याकडे. सगळ्या फॉन्टमध्ये बिघडत असेल तर तोच मजकूर फायरफॉक्समध्ये उघडा. लिब्रेऑफिस ५.३ पासून (२०१७) अक्षरजुळणी सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हार्फबझ हे सॉफ्टवेअर करतं आणि फायरफॉक्सही तेच वापरतं. दोन्हीकडे सारखंच बिघडलं तर हार्फबझकडे नोंदवा.

महिन्यांची नावं, तारखेची रूपं : हे लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाच्या माहितीच्या) फाइलमध्ये आहे. साधी एक्सएमएल फाइल आहे, दुरुस्ती त्यांच्याकडेच. अँड्रॉइड किंवा क्रोममध्ये असंच काही खटकलं तर मात्र युनिकोडच्या सीएलडीआर (भाषांच्या माहितीचा सामायिक साठा) प्रकल्पाकडे जावं लागतं, आणि तिथे माहिती ठरावीक मुदतीतच घेतात.

मेनूतले मराठी शब्द खटकतात : ते वेबलेटवर (भाषांतराच्या संकेतस्थळावर) सुचवा. बगझिलात (अडचणी आणि मागण्या नोंदवायच्या जागी) टाकलंत तर तिकडेच पाठवतील.

शोध : हा थेट लिब्रेऑफिसचा विषय. तेव्हा तुमची जागा म्हणजे डॉक्युमेंट फाउंडेशनचं (लिब्रेऑफिसमागच्या संस्थेचं) बगझिला.

---

पडद्यामागे

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आता मागणी लिहिण्याबद्दल, वाचणाऱ्याच्या बाजूने.

मागणी आली की तिथला माणूस "किती जणांना हवंय" हे नंतर बघतो. आधी त्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात : अडचण नक्की काय आहे, ती माझ्या मशीनवर दिसते का, आणि सोय केली तर कायमचं काय सांभाळावं लागेल. एक नवी चौकट वाढवायची म्हणजे खिडकीत जागा, शंभरावर भाषांत भाषांतर, मदतीचं पान, चाचणी, आणि पुढची अनेक वर्षं ती न मोडण्याची जबाबदारी. म्हणून "असं बटण द्या" ही मागणी अडकते. "हे शोधलं, हे सापडायला हवं होतं, सापडलं नाही" असं लिहिलं की पुढे सरकते. उपाय सुचवा, पण शेवटच्या परिच्छेदात.

तुमच्या मागणीच्या दोन बाजू भक्कम आहेत.

पहिली, आधीचं उदाहरण. सीटीएल (अरबी, देवनागरी अशा गुंतागुंतीच्या लिप्यांच्या) भाषा चालू असताना शोधाच्या खिडकीत अरबीसाठी 'कशिदा' (अक्षरं लांबवणारी रेघ) धरायचा की सोडायचा असा पर्याय आहे. जपानीसाठी उच्चारसाम्याचा शोध आहे. म्हणजे "लिपीप्रमाणे समान अक्षरं एक धरणं" ही कल्पना त्यांना नवीन नाही आणि तिची यंत्रणा कोडमधल्या आय१८एनपूल या भागात तयार आहे. मागणीत याचा उल्लेख नक्की करा. आधी झालेल्या कामासारखं काम मागितलं की वाचणारा लवकर ऐकतो.

दुसरी, फाइलच्या स्वरूपाला हात लागत नाही. जी सोय ओडीएफ (लिब्रेऑफिसच्या मूळ स्वरूपाच्या) फाइलमध्ये साठवावी लागते तिच्यासाठी स्वरूपाचा विस्तार करावा लागतो, शिवाय वर्डच्या डॉक्समध्ये जाताना काय होईल तेही ठरवावं लागतं. अशा मागण्या खूप रेंगाळतात. शोधाचा पर्याय वापरणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये राहतो.

आता धोका, आणि हा नीट लिहिलात तरच मागणी टिकेल. प्रोग्रामर मराठी वाचणारा नसेल तर त्याला सगळ्यात सोपा मार्ग दिसेल तो हा : शोधताना न दिसणारं जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे, क्रमांक २००डी) सरळ सोडून द्यायचं. तसं केलं की 'दर्‍या' चं 'दर्या' होतं. म्हणजे डोंगरातल्या दऱ्या शोधताना समुद्र सापडणार. 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' यांचा असाच गोंधळ. हवं ते एवढंच की र + हलंत + जोडचिन्ह हे ऱ + हलंत यांच्या बरोबरीचं धरलं जावं. साधं र + हलंत यापासून दोन्ही वेगळेच राहिले पाहिजेत.

दुसरी तांत्रिक अडचण लांबीची. 'अॅ' दोन चिन्हं, 'ॲ' एक. शोधण्यापूर्वी मजकूर एकरूप केला की सापडलेल्या जागेचे आकडे मूळ मजकुराशी जुळत नाहीत आणि 'बदला' दाबल्यावर शेजारचं अक्षर खाल्लं जातं. आय१८एनपूलमधली यंत्रणा असे आकडे सांभाळते, म्हणून काम होण्यासारखं आहे. पण ते एका ओळीचं नाही हे तुम्हालाही माहीत असावं.

---

उभादांडा

मतांबद्दल थोडं, कारण "सगळ्यांनी जाऊन +१ करा" असं कोणीतरी म्हणणारच.

प्रत्येक प्रकल्पाचा रिवाज वेगळा आहे. व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या कोड लिहायच्या साधनात नियम उघड लिहिलेला आहे : नवीन मागणी 'बॅकलॉग कँडिडेट' ठरली की ६० दिवसांत २० मतं पडली तर ती यादीत जाते, नाहीतर बंद होते. तिथे मत म्हणजे पहिल्या मजकुराखालचा अंगठा. खाली "मलाही हवंय" लिहून ते मोजलं जात नाही. फायरफॉक्ससाठी सूचना घेणाऱ्या मोझिला कनेक्टवरही मतं असतात. टॅब गटांची मागणी तिथे २०२२ मध्ये आली, सर्वाधिक मतांच्या मागण्यांत पोचली आणि सोय फायरफॉक्समध्ये २०२५ च्या एप्रिलपासून मिळू लागली. म्हणजे भरपूर मतं असूनही तीन वर्षं.

लिब्रेऑफिसच्या बगझिलात अशी मतमोजणी चालत नाही. तिथे वजन पडतं ते त्याच अडचणीच्या वेगवेगळ्या नोंदी एकमेकींना जोडल्या गेल्या आणि सीसीमध्ये (नोंदीचे ईमेल मिळणाऱ्यांच्या यादीत) माणसं वाढली तर. त्यामुळे पाठिंबा द्यायचा असेल तर सीसीमध्ये नाव घाला आणि प्रतिक्रिया लिहायची असेल तर नवीन माहिती द्या : वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम, कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसच्या स्प्रेडशीटमध्ये) काय होतं, हिंदी किंवा नेपाळी मजकुरावर काय परिणाम होईल. नुसत्या होकाराने सीसीतल्या प्रत्येकाला एक ईमेल जातो. त्यात कामाचा माणूस सीसीतून नाव काढून घेतो, आणि हे नुकसान भरून येत नाही.

---

कानामात्रा

नोंद करताना :

नोंदणीपूर्वी शोधा. 'देवनागरी', 'झेडडब्ल्यूजे', 'सर्च' असे शब्द इंग्रजीत टाकून जुन्या आणि बंद झालेल्या नोंदीही बघा. सापडली तर नवी नोंद करू नका, तिथेच उदाहरणं जोडा.

कंपोनंट (सॉफ्टवेअरचा भाग) 'रायटर' निवडू नका. शोधाची खिडकी कॅल्क आणि इम्प्रेसलाही (स्लाइडच्या भागालाही) आहे, त्यामुळे सर्वसाधारण 'लिब्रेऑफिस' कंपोनंट बरोबर. सिव्हेरिटी 'एन्हान्समेंट'. 'व्हर्जन' मध्ये तुमची ताजी आवृत्ती नको, ज्या सगळ्यात जुन्या आवृत्तीत हीच अडचण दिसते ती लिहा. हेल्प मेनूतल्या 'अबाउट' खिडकीत कॉपीचं बटण आहे, तो सगळा मजकूर जसाच्या तसा चिकटवा.

एक नोंद, एक मागणी. 'ॲ' चा गट आणि 'ऱ्य' चा गट वेगळ्या नोंदींत टाका आणि 'सी ऑल्सो' ने जोडा. पहिलं सोपं आहे, दुसऱ्यात पडद्यामागे यांनी सांगितलेला धोका आहे. एकत्र टाकलं तर अवघड भागासाठी सोपा भागही अडेल.

एक छोटी ओडीटी फाइल जोडा, पाच-सात ओळींची. शंभर पानांचा अहवाल कोणी उघडत नाही, आणि त्यात लोकांची माहितीही असते.

---

शब्दजुळणी

खूप उपयोग झाला. पहिल्या नोंदीचा कच्चा मसुदा (इंग्रजीत करून टाकेन) :

"शोध : ०९७२ शोधल्यावर ०९०५+०९४५ सापडत नाही. पायऱ्या : १. जोडलेली फाइल उघडा. २. शोधाच्या चौकटीत पहिल्या ओळीतला शब्द कॉपी करून टाका. ३. 'सगळे शोधा'. काय होतं : फक्त पहिली ओळ निवडली जाते. काय व्हावं : पहिली आणि दुसरी, दोन्ही निवडल्या जाव्यात. मराठीसाठी हे महत्त्वाचं आहे. कृपया लवकर करावं."

---

पडद्यामागे

मसुदा चांगला आहे. शेवटची दोन वाक्यं काढा आणि त्या जागी कारण घाला : 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये ५.१ आवृत्तीत, म्हणजे २००८ साली आलं. त्याआधीच्या मजकुरात ते असणं शक्यच नव्हतं, त्यामुळे जुन्या फाइलींत 'अॅ' किंवा 'ऍ' च भेटणार. आणि युनिकोडने या दोन रूपांना अधिकृत समानता दिलेली नाही, म्हणून नेहमीचं नॉर्मलायझेशन (एनएफसी) चालवूनही ती एक होत नाहीत. हे वाक्य अवश्य हवं. नाहीतर पहिलाच प्रतिसाद "नॉर्मलाइज करा की" असा येईल. तुलनेसाठी सांगता येईल की 'ऱ' (०९३१) आणि र + नुक्ता (अक्षराखालचं टिंब) यांना ती समानता आहे.

'ऍ' ला या नोंदीत ओढू नका. हिंदीत ते स्वतंत्र अक्षर म्हणून वापरात आहे, त्यावर वाद होईल.

दुसऱ्या नोंदीच्या फाइलमध्ये सापडायला हवेत असे आणि सापडायला नकोत असे शब्द वेगळे द्या. 'दऱ्या' शोधल्यावर 'दर्‍या' हो, 'दर्या' नाही. 'आचाऱ्यास' शोधल्यावर 'आचार्यास' नाही. हीच यादी पुढे आपोआप चालणारी चाचणी म्हणून वापरता येते, आणि तयार चाचणी हातात असली की काम घेणारा माणूस लवकर भेटतो.

---

उभादांडा

राहिला उत्तराचा प्रश्न. नोंद सुरुवातीला 'अनकन्फर्म्ड' असते. दुसऱ्या कोणीतरी तपासून ती 'न्यू' करायची असते, स्वतःची स्वतः करू नये. इथल्या दोघांनी आपापल्या मशीनवर फाइल उघडून, आवृत्ती लिहून दुजोरा दिला तर ती पायरी लवकर पार पडेल. मागण्यांवर बरेचदा 'नीड्स यूएक्स इव्हॅल' अशी खूण येते. म्हणजे डिझाइनचं मंडळ आपल्या बैठकीत ती चर्चेला घेणार. तिथून प्रश्न आला तर उत्तर द्या.

'न्यू' होऊन शांतता असेल तर अर्थ एवढाच की मागणी मान्य आहे, हात मोकळे नाहीत. तो नकार नव्हे. 'नीडइन्फो' मात्र अंगावर येणारी अवस्था आहे : चेंडू तुमच्याकडे आहे, आणि सहा-सात महिने उत्तर गेलं नाही तर नोंद 'इन्सफिशियंट डेटा' म्हणून मिटते. बगझिलाचे ईमेल स्पॅममध्ये जात नाहीत ना ते पाहा. 'डुप्लिकेट' शेरा आला तर नाराज होण्याचं कारण नाही, मूळ नोंदीच्या सीसीमध्ये जा आणि तुमची फाइल तिथे जोडा. 'वोन्टफिक्स' (करणार नाही) या शेऱ्याला कारण दिलेलं असतं. त्या कारणाला उत्तर देणारी नवी माहिती असेल तरच नोंद पुन्हा उघडा.

घाई असेल तर पैशाचा रस्ता आहे. डॉक्युमेंट फाउंडेशन प्रमाणित विकसकांची यादी ठेवतं, त्यांच्याकडून काम करून घेता येतं आणि ते मूळ प्रकल्पात जातं. संस्थांनी मिळून खर्च उचलावा असं हे काम आहे. दुसरा रस्ता विद्यार्थ्यांचा : नोंदीवर 'ईझीहॅक' (नवख्यांना जमेल असं काम) ही खूण आणि कुठल्या फाइलीत बदल करायचा याचा मागोवा असला की नवखे लोक घेतात. पण तो मागोवा जाणत्या विकसकाने द्यावा लागतो.

---

शब्दजुळणी

दोन्ही नोंदी वेगळ्या करतो. काम झालं तर कळणार कसं, आणि हातात कधी येणार?

---

कानामात्रा

बदल मूळ कोडमध्ये गेला की नोंदीत आपोआप एक निवेदन पडतं आणि व्हाइटबोर्डच्या रकान्यात 'टार्गेट' पुढे आवृत्ती लिहिली जाते. मोठ्या आवृत्त्या वर्षातून दोनदा येतात, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या आसपास (२०२४ पासून क्रमांकही वर्ष-महिन्याचे, जसं २४.२, २४.८). नवीन सोयी घेणं त्याआधी साधारण दोन महिने थांबतं. म्हणजे जानेवारीत झालेला बदल ऑगस्टमध्ये मिळणार, फेब्रुवारीत नाही. मधल्या किरकोळ दुरुस्ती आवृत्त्यांत नवी सोय सहसा घालत नाहीत, तिची वाट पाहू नका.

निवेदन पडल्यावर एक-दोन दिवसांनी रोजची चाचणी आवृत्ती उतरवा. ती नेहमीच्या लिब्रेऑफिसशेजारी वेगळी बसते, पण कामाच्या फाइली तिच्यात उघडू नका, प्रती वापरा. तुमच्याच चाचणी फाइलवर शोध चालवा, मग 'सगळे बदला' चालवा आणि शेजारचं अक्षर गेलं नाही ना ते ऑल्ट+एक्सने तपासा. बरोबर असेल तर नोंद 'व्हेरिफाइड' करा. चुकत असेल तर त्याच आठवड्यात लिहा, कोड करणाऱ्याच्या डोक्यात विषय ताजा असतो.