बांबूच्या दांडीच्या पाइपचे वय: रंगापेक्षा ठसा पाहा

बांबूच्या दांडीचा एक तंबाखूचा पाइप, लंडनच्या डनहिल कंपनीचा, इथे चर्चेत आला आहे; बांबू काळवंडला आहे म्हणून तो १९३० पूर्वीचाच असावा, असा तर्क मांडला गेला, तो मला पटत नाही. धूर, घाम आणि हाताचा तेलकटपणा यांमुळे बांबूवर तांबूस-तपकिरी झाक चढते; तिचा वेग वर्षांपेक्षा वापरावर अवलंबून असतो. शिवाय तडकलेली दांडी पुढे कोणी बदललेलीही असू शकते.

ही दांडी 'व्हांगी' नावाच्या पूर्व आशियाई बांबूची, फायलोस्टॅकिस प्रजातीतली. पेरे जवळजवळ असल्याने तिला गाठींची देखणी लय येते. छत्र्यांच्या मुठी आणि हातातल्या काठ्याही याच बांबूच्या करीत. आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान थाटले, हे ध्यानात ठेवले की त्याआधीचे दावे आपोआप गळतात.

खरा पुरावा ब्रायर या कठीण लाकडाच्या भागावर, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीकडच्या भागावर आहे. भिंग घेऊन तिरप्या उजेडात 'इंग्लंड' या शब्दापुढचा बारीक आकडा वाचा. मात्र तिथला २ हा वर्षाचा शेवटचा आकडा असल्याने तो वेगवेगळ्या दशकांतला, उदाहरणार्थ १९२२, १९४२ किंवा १९६२ चा असू शकतो, म्हणून आकड्याची उंची आणि सोबत पेटंट क्रमांक आहे का, हेही पाहावे लागते. १९५० च्या दशकाच्या मध्यानंतर तो क्रमांक दिसत नाही. चांदीचे कडे असल्यास त्यावरचे अधिकृत ठसे शोधा: शुद्धतेचा चालता सिंह, तपासणीच्या शहराची खूण म्हणून बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर किंवा लंडनचे बिबट्याचे मुख, आणि वर्ष दाखवणारे अक्षर. कृपया पॉलिश करण्याआधी ठशांचे छायाचित्र टाका, कारण घासताना आधी तेच पुसले जातात.